कॅलिफोर्नियातली मिशन चर्च वीस मिनिटांत उरकू नका : सहल-आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सहली आणणारे आयोजक आणि टूर मॅनेजर,
तसंच कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळांचे सहलप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

येत्या उन्हाळ्याची माहितीपत्रकं आता घरोघरी पोचली आहेत. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को या टप्प्यात बहुतेकांनी एक ओळ घातली आहे : ‘ऐतिहासिक स्पॅनिश मिशन चर्च, फोटो स्टॉप, २० मिनिटं’. (मिशन म्हणजे इथल्या आदिवासींना ख्रिस्ती करण्यासाठी पाद्रींनी वसवलेली वस्ती, चर्च हा तिचा एक भाग.) त्याच पानावर सोलवँग गावाच्या बाजारपेठेला दोन तास आहेत आणि गिलरॉयच्या आउटलेट मॉलला तीन. खरेदीला आमचा विरोध नाही. पण ज्या जागेत आजही रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते आणि जिच्या भिंतीलगत हजारो माणसं पुरलेली आहेत, तिथे चाळीस जणांना उतरवायचं, फोटो काढून घ्यायचे आणि बस हलवायची, हे गप्प बसून बघणं आम्हाला जमत नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. तुमच्याबरोबर प्रवास करणाऱ्यांनीही ते वाचावं आणि पैसे भरण्याआधी तुम्हाला प्रश्न विचारावेत, अशी आमची इच्छा आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात राहणारे मराठी लोक आहोत. आमच्यातले काही वसईचे आणि गोव्याचे कॅथलिक आहेत, ते या चर्चमध्ये उपासनेला जातात. काही जण हिंदू आहेत. ते घरी आलेल्या पाहुण्यांना ही ठिकाणं दाखवतात, त्यांचा इतिहास वाचतात. वसईकरांचा या परंपरेशी एक जुना धागाही आहे. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर चढवले गेलेले संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले होते. ते मनिलात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्याशांच्या संघात सामील झाले आणि तिथल्या स्पॅनिश मिशनबरोबर जपानला गेले. कॅलिफोर्नियातली मिशन उभारणारे पाद्री याच फ्रान्सिस्कन संघाचे. मेक्सिकोत कुएर्नावाका इथल्या जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये, म्हणजे आजच्या कॅथेड्रलमध्ये, नागासाकीच्या त्या सव्वीस हुतात्म्यांची भित्तिचित्रं आहेत. तेव्हा ‘आपला काय संबंध’ असं म्हणून ही ठिकाणं उरकण्याचं कारण मराठी माणसाला तरी नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार चुकीच्या माहितीची, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. बसमधल्या माइकवरून सांगितलं जातं की ही सगळी चर्च पोर्तुगीजांनी बांधली, किंवा एकवीसही मिशन हुनिपेरो सेरा या एका पाद्रींनी उभारली. एखाद्या माहितीपत्रकावर युनेस्कोचा शिक्काही दिसतो. तिन्ही गोष्टी चूक आहेत. ही मिशन स्पेनच्या राजवटीतली. पहिलं सॅन दिएगो इथे १६ जुलै १७६९ रोजी स्थापन झालं. शेवटचं सोनोमा इथे ४ जुलै १८२३ ला झालं, तोवर हा प्रदेश स्वतंत्र मेक्सिकोकडे गेला होता. मायोर्का बेटावर जन्मलेले सेरा १७८४ मध्ये कार्मेलला वारले, तेव्हा नऊ मिशन उभी होती. पुढची नऊ त्यांच्यानंतर मिशनप्रमुख झालेल्या फादर लासुएन यांच्या काळात झाली, उरलेली तीन त्यानंतर. आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश मिशनमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत ती टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची, २०१५ पासून. कॅलिफोर्नियाची नाहीत. जुन्या गोव्याची चर्च १९८६ पासून त्या यादीत आहेत, हे प्रवाशांना ठाऊक असतं, म्हणून इथेही ते लगेच विश्वास ठेवतात.

‘अडीचशे वर्षांपूर्वीची इमारत’ हे वाक्यही सरसकट वापरू नका. सॅन फ्रान्सिस्कोतलं मिशन डोलोरेसचं छोटं चर्च १७९१ चं आहे. १९०६ चा भूकंप आणि आग यांतून ते वाचलं, हे खरं. पण फ्रीमॉन्टचं मिशन सॅन होजे १८६८ च्या भूकंपात कोसळलं होतं, आजचं चर्च १९८५ मध्ये पूर्ण झालेली पुनर्बांधणी आहे. सांता क्लारा विद्यापीठाच्या आवारातलं चर्च १९२६ च्या आगीनंतरचं. सांता क्रूझला उभी आहे ती १९३१ सालची लहान प्रतिकृती. लोंपोकजवळचं ला पुरिसिमा १९३४ पासून सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी मातीच्या विटा पाडून पुन्हा बांधलं. ही पुनर्बांधणी कमी मोलाची आहे असं आम्ही म्हणत नाही. ला पुरिसिमात तर चर्च, निवासाच्या खोल्या, कार्यशाळा आणि पाण्याची व्यवस्था अशी मिशनची पूर्ण मांडणी जितकी नीट कळते तितकी क्वचितच कुठे कळते. फक्त खरं काय ते सांगा.

याहून गंभीर म्हणजे ‘पाद्रींनी इथल्या आदिवासींना शेती शिकवली आणि ते सुखाने राहू लागले’ ही गोष्ट. या इमारतींच्या विटा चुमाश, ओहलोनी, टोंग्वा, सालिनान, अकाहेमेन, कुमेयाय आणि इतर समाजांतल्या माणसांनी पाडल्या आणि भिंतीही त्यांनीच रचल्या. एकदा बाप्तिस्मा झाला की मिशन सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. पळून गेलेल्यांना शिपाई शोधून परत आणत आणि फटके मारत. अविवाहित मुली आणि स्त्रियांना रात्री एका खोलीत कोंडून ठेवलं जाई. युरोपातून आलेल्या रोगांना तोंड देण्याची ताकद त्यांच्या शरीरात नव्हती. दाटीवाटीने राहिल्यामुळे साथी झपाट्याने पसरत, आणि १८०६ च्या गोवराच्या साथीत लहान मुलं मोठ्या संख्येने गेली.

त्यांनी हे मुकाट्याने सोसलं, असंही नाही. १७७५ मध्ये कुमेयाय लोकांनी सॅन दिएगो मिशन जाळलं, त्यात फादर लुईस हाइमे मारले गेले. १७८५ मध्ये सॅन गॅब्रिएलला उठाव ठरला. त्यात तोयपुरिना ही टोंग्वा स्त्री आघाडीवर होती. ती पकडली गेली आणि तिला हद्दपार करण्यात आलं. फेब्रुवारी १८२४ मध्ये सांता इनेस मिशनमध्ये एका चुमाश माणसाला फटके मारल्यावरून ठिणगी पडली. उठाव ला पुरिसिमा आणि सांता बार्बराला पोचला, आणि ला पुरिसिमा तर सुमारे महिनाभर चुमाशांच्या ताब्यात होतं. १८२८-२९ मध्ये मिशन सॅन होजेतून निघून गेलेल्या एस्तानिस्लाओने मेक्सिकन सैन्याला दमवलं. आजची स्टॅनिस्लॉस नदी त्याच्याच नावाची. फ्रीमॉन्टमध्ये इतकी मराठी घरं आहेत, त्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल? सांता इनेस मिशन सोलवँगच्या दुकानांपासून चालत काही मिनिटांवर आहे. त्या दोन तासांतला एक तास इकडे वळवला तरी प्रवाशांना हे त्या जागी उभं राहून ऐकता येईल.

सेरा यांना पोप फ्रान्सिस यांनी २३ सप्टेंबर २०१५ रोजी संत घोषित केलं. आमच्यातले काही त्यांना श्रद्धेने मानतात. अनेक आदिवासी समाजांनी त्या घोषणेला विरोध केला आणि २०२० मध्ये काही शहरांत त्यांचे पुतळे पाडले गेले. या दोन्ही गोष्टी प्रवाशांना सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि कृपा करून ‘इथे पूर्वी राहणारे लोक’ असं म्हणू नका. ते आजही आहेत. सांता इनेसजवळ चुमाश समाजाची स्वतःची राखीव जमीन आहे. ओहलोनी आणि अकाहेमेन समाजांना केंद्र सरकारने अजून अधिकृत मान्यता दिलेली नाही, त्यासाठी त्यांची लढाई चालू आहे.

दुसरी तक्रार कबरस्तानांबद्दल. तुमच्या वीस मिनिटांत तिकडे कोणी जात नाही, आणि कोणी गेलंच तर तिथल्या गुलाबांजवळ फोटो काढायला. सांता बार्बराच्या भिंतीआड सुमारे चार हजार चुमाश पुरलेले आहेत. सॅन हुआन बाउतिस्तामध्ये चर्चच्या बाजूला ऑलिव्हच्या झाडांखाली चार हजारांहून अधिक आदिवासी आहेत. मिशन डोलोरेसच्या परिसरात सुमारे पाच हजार. फ्रीमॉन्टमध्ये मिशनपासून थोड्या अंतरावर वॉशिंग्टन बुलेव्हार्डला ओहलोनींचं वेगळं कबरस्तान आहे, तिथेही चार हजारांच्या आसपास. नावं कोरलेले संगमरवरी दगड दिसतात ते बहुतेक नंतर आलेल्या वसाहतवाल्यांचे. ज्यांनी चर्च बांधलं त्यांच्यातल्या फारच थोड्यांच्या वाट्याला नावाची पाटी आली. म्हणून मोकळी दिसणारी हिरवळ मोकळी नसते. तिच्यावर बसून डबे उघडू नका, मुलांना पळू देऊ नका, पायवाट सोडू नका. सांता बार्बरात हुआना मारिया या स्त्रीच्या स्मरणाची पाटी आहे. सॅन निकोलस बेटावर ती अठरा वर्षं एकटी राहिली. १८५३ मध्ये तिला किनाऱ्यावर आणलं, तेव्हा तिची भाषा समजणारं कोणी सापडलं नाही, आणि काही आठवड्यांतच ती गेली. एवढं सांगून त्या पाटीजवळ माणसांना दोन मिनिटं उभं राहू द्या.

तिसरी तक्रार मिस्सा चालू असताना होणाऱ्या वागण्याची. प्रवाशांचा यात दोष कमी आहे, कारण त्यांना आधी कोणी काही सांगितलेलंच नसतं.

एकवीसपैकी बहुतेक मिशन आज चालू चर्च आहेत. ला पुरिसिमा आणि सोनोमा ही राज्याची उद्यानं आहेत, तिथे नियम संग्रहालयासारखे. बाकी ठिकाणी आत शिरण्यापूर्वी दारावरचा फलक वाचा. मिस्सा, लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर पर्यटकांनी थांबायचं असतं. लग्नं बहुतेक शनिवारी दुपारी असतात, म्हणून शनिवारी दुपारी बस आणू नका. मिस्सेला बसायचं असेल तर कोणालाही बसता येतं, धर्म कोणी विचारत नाही. मागच्या बाकांवर बसा. मंडळी उभी राहिली की उभं राहा. ती गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी चालतं. मध्ये उठून वेदीकडे जाऊन फोटो काढू नका.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटण्याच्या, वेळी. रांग लागली की आपली माणसं भक्तिभावानेच उठतात, ओंजळ पुढे करतात, आणि मिळालेली पातळ चकती घरी देव्हाऱ्यात ठेवायची म्हणून रुमालात बांधतात. भाव चांगला असतो, पण कॅथलिकांच्या दृष्टीने ते ख्रिस्ताचं शरीर आहे. ते कॅथलिकांनीच घ्यायचं आणि तिथल्या तिथे ग्रहण करायचं असतं. ते बाहेर नेताना दिसलं की वाटणारी व्यक्ती मागे येते, सगळ्यांसमोर परत मागते, आणि त्या आजी-आजोबांना इतकं ओशाळं होतं की पुढचा दिवसभर ते बोलत नाहीत. इतर धर्मीयांनी बाकावर बसून राहावं. रांगेत जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत, मग बऱ्याच ठिकाणी फक्त आशीर्वाद देतात. बसमध्ये हे समजावायला दोन मिनिटं पुरतात.

आणखी काही गोष्टी. चपला-बूट काढायचे नाहीत. दारात त्यांचा ढीग झाला की बाहेर पडायची वाट अडते आणि म्हातारी माणसं अडखळतात. पुरुषांनी टोपी काढावी. खांदे झाकलेले असावेत. वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल तर तिथे पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच पवित्र भाकर, ठेवलेली आहे असं समजा आणि आवाज खाली आणा. दारातल्या पात्रातलं पाणी बोटं बुडवून क्रुसाची खूण करण्यासाठी असतं, ते तीर्थासारखं पिऊ नये. सोबत आणलेली उदबत्ती किंवा निरांजन पेटवू नका. ही छपरं लाकडी तुळयांची आहेत, आणि ११ जुलै २०२० च्या आगीत सॅन गॅब्रिएलचं छप्पर गेलं, त्याच्या दुरुस्तीला पुढची काही वर्षं लागली. मेणबत्ती लावायची असेल तर तिथल्याच स्टँडवर, शेजारच्या पेटीत पैसे टाकून.

कॅथलिक प्रवाशांचं गाऱ्हाणं याच्या उलट आहे. वसई-गोव्याची कुटुंबं तुमच्या सहलीत असतात आणि रविवारी त्यांच्यासाठी तासभरही ठेवलेला नसतो. उपाय अवघड नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, ती तासाभरात संपते, आणि हॉटेलच्या आसपास कुठे ना कुठे असतेच. मात्र जुन्या इमारतीचा पत्ता देऊन त्यांना सोडून येऊ नका. सॅन हुआन कॅपिस्ट्रानोत रविवारची मिस्सा जुन्या मिशनच्या शेजारी, १९८० च्या दशकात बांधलेल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या मानाच्या चर्चमध्ये, असते. मिशन डोलोरेसमध्येही मोठ्या मिस्सा शेजारच्या बॅसिलिकात होतात. उलट कार्मेल, सांता बार्बरा आणि सॅन हुआन बाउतिस्ता इथे जुन्याच चर्चमध्ये उपासना करता येते. बऱ्याच धर्मग्रामांत एखादी मिस्सा स्पॅनिशमध्ये असते, म्हणून वेळेबरोबर भाषाही आधी बघून ठेवा.

चौथी तक्रार भिंतींची. या भिंती कशाच्या आहेत हे न कळल्यामुळे नुकसान होतं. आपल्या गावाकडच्या जुन्या मातीच्या घरांसारखंच हे काम आहे : माती, पाणी आणि पेंढा तुडवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. मिशन डोलोरेसच्या भिंती चार फूट जाड आहेत, तरी त्या मातीच्याच. त्यांवर चुन्याचा गिलावा. मातीचा शत्रू पाणी, आणि ते वरून छपरातून येतं तसं खालून जमिनीतूनही चढतं. १८३४ नंतर मेक्सिकन सरकारने मिशन पाद्रींकडून काढून घेतली, अनेक ठिकाणी कौलं उतरवून नेली गेली आणि उघड्या भिंती पावसात विरघळल्या. सोलेदादला त्याचे अवशेष दिसतात. विसाव्या शतकात काही ठिकाणी वरून सिमेंट लिंपलं गेलं. त्याने ओल आतच कोंडली जाते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि वरचा थर सालीसारखा सुटतो. चुना ओल बाहेर जाऊ देतो, म्हणून आता जाणकार पुन्हा चुन्याकडे वळले आहेत.

अशा भिंतीला पाठीवरची सॅक घासली की चुना आणि रंग निघतो. हाताचा घाम आणि तेल रंगात मुरतं, ते पुसता येत नाही. सॅन मिगेलच्या चर्चमधली भित्तिचित्रं एस्तेबान मुनरास यांच्या देखरेखीखाली सालिनान कारागिरांनी रंगवली. २२ डिसेंबर २००३ च्या भूकंपात त्या भिंतींना तडे गेले आणि चर्च २००९ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे हात टेकून फोटो काढण्याइतकं दुखवणारं दुसरं काही नाही. सॅक बसमध्ये ठेवा, फोनचा फ्लॅश आत जाण्याआधी बंद करा, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक बाहेर राहू दे. सॅन हुआन कॅपिस्ट्रानोचं मोठं दगडी चर्च ८ डिसेंबर १८१२ च्या भूकंपात मिस्सा चालू असताना कोसळलं. चाळीसेक माणसं त्यात दगावली, बहुतेक सगळी आदिवासी. त्या अवशेषांवर मुलं चढतात आणि आई-वडील खालून व्हिडिओ घेतात. दगड सैल आहेत, आणि ती मृत्यूची जागा आहे. घंटांच्या दोऱ्यांना हात लावू नका. शेजारचं सेरा चॅपल हे कॅलिफोर्नियात अजून वापरात असलेल्या सगळ्यांत जुन्या इमारतींपैकी एक मानलं जातं. तिकडे वेळ द्या. आणि मे महिन्याच्या सहलीत पाकोळ्यांचे थवे दिसतील असं आश्वासन देऊ नका. त्या परत येण्याचा सण १९ मार्चचा, आणि अवशेषांच्या दुरुस्तीनंतर घरटी खूप कमी झाली आहेत.

पाचवी तक्रार पैशांची. कॅपिस्ट्रानो, सांता बार्बरा आणि कार्मेल इथे प्रवेशशुल्क आहे, इतर काही ठिकाणी देणगीची पेटी. काही आयोजक ते वाचवण्यासाठी बस भिंतीबाहेर उभी करतात आणि स्वच्छतागृहापुरतं आत पाठवतात. चालू चर्चच्या दुरुस्तीला सरकारी पैसा द्यावा की नाही हा अमेरिकेत नेहमीचा वाद आहे, कारण तिथे सरकार आणि धर्म वेगळे ठेवले जातात. त्यामुळे भूकंपापासून बचावाचं खर्चिक काम मोठ्या प्रमाणात तिकिटांवर आणि देणग्यांवर चालतं. माणशी काही डॉलर तुमच्या पॅकेजच्या रकमेत सहज मावतात.

मंडळांच्या सहलप्रमुखांना वेगळी विनंती. इथल्या शाळांत चौथीला मिशनचा इतिहास असतो. साखरेच्या ठोकळ्यांची नाहीतर आइस्क्रीमच्या काड्यांची प्रतिकृती करायची जुनी पद्धत होती. राज्याच्या २०१६ च्या अभ्यासक्रम-आराखड्याने ती नको म्हटलं आहे, कारण त्यातून मुलांना त्या काळाबद्दल काही कळत नाही आणि आदिवासी कुटुंबांना ते दुखावतं. तरी मंडळांत अजून प्रतिकृती-स्पर्धा होतात. त्याऐवजी मुलांना सॅन हुआन बाउतिस्ताला न्या. चर्चच्या फरशीवर ओल्या विटांवरून गेलेल्या जनावरांच्या पावलांचे ठसे त्यांना शोधू द्या. मग कबरस्तानाच्या कडेला उभं राहून खालचा उतार दाखवा. तिथूनच सॅन अँड्रियास भूभ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग, जातो, आणि १९०६ मध्ये याच चर्चच्या बाजूच्या भिंती पडल्या होत्या. लगत मिशनांना जोडणाऱ्या जुन्या एल कामिनो रिआल रस्त्याचा तुकडाही आहे. मिशन डोलोरेसचं छत दाखवा, त्यावरची नक्षी ओहलोनींच्या टोपल्यांवरच्या नक्षीसारखी आहे. वेदीमागच्या लाकडी कोरीव पडद्याआड १७९० च्या दशकात आदिवासींनी रंगवलेली भिंत झाकलेली आहे. २००४ मध्ये त्या फटीत कॅमेरा सोडून तिचे फोटो घेतले गेले, हे ऐकलं की मुलं प्रश्न विचारायला लागतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक मिशनला किमान दीड तास द्या, आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठेवू नका. एकवीस मिशन सुमारे हजार किलोमीटरवर पसरलेली आहेत, ती सगळी ‘करायची’ नसतात. लॉस एंजेलिसहून सॅन दिएगोला जाताना कॅपिस्ट्रानो आणि सॅन लुईस रे घ्या. किनाऱ्याने वर येताना सांता बार्बरा आणि सांता इनेस घ्या. किंवा सांता इनेस आणि ला पुरिसिमा, त्यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर आहे. बे एरियात एक दिवस डोलोरेस आणि फ्रीमॉन्ट. सॅन हुआन बाउतिस्ता गिलरॉयच्या मॉलपासून अर्ध्या तासाच्या आत आहे, तेव्हा वेळ नाही हे कारण चालणार नाही.

चाळीस जणांना एकदम आत नेऊ नका. वीस-वीसचे दोन गट करा, एक चर्चमध्ये आणि एक बागेत, मग अदलाबदल. माहिती बसमध्येच सांगा. आत बोलायचंच असेल तर कानात घालायचे रिसीव्हर वापरा.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या मिशनला फोन करा. मिस्सा, लग्न, अंत्यविधी आहे का, संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं, बस कुठे थांबवायची, चाकाची खुर्ची कुठून आत जाते, हे विचारा. जुन्या फरशा खालीवर आहेत, ज्येष्ठांसाठी हे आधी कळलेलं बरं. सॅन अँटोनियो दे पादुआ लष्करी तळाच्या हद्दीत आहे, तिकडे जाणार असाल तर प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र हवं. सॅन मिगेल आणि सॅन अँटोनियोला जुलैत ऊन फार कडक असतं, सकाळी जा आणि पाणी भरपूर ठेवा. त्याच दिवसांत कार्मेलला धुकं आणि गार वारा असतो, स्वेटर मोठ्या बॅगेत बंद करू नका.

प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये धरा आणि तसं छापा.

माहितीपत्रकातून ‘फोटो स्टॉप’ हे शब्द काढा आणि त्या मिशनच्या जमिनीवर कोणत्या समाजाचे लोक राहत होते आणि राहतात, त्यांचं नाव लिहा.

टूर मॅनेजरना पाठवण्यापूर्वी एवढं शिकवा. त्यासाठी मराठीत दोन पानांचं टिपण तयार करून द्यायला आम्ही राजी आहोत, मोबदला नको. ते वापरताना बदल करायचे असतील तर आधी विचारा, एवढीच अट.

पुढच्या हंगामाची पत्रकं छापायला जाण्यापूर्वी उत्तराची वाट पाहतो.

आपले,
कॅलिफोर्नियातल्या मिशन चर्चमध्ये उपासनेला जाणारे आणि पाहुण्यांना ती दाखवणारे काही मराठी रहिवासी